जमीनदार सरकार असेल तेव्हा

नागपुरात नोव्हेंबर लागला की तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. वर ताडपत्री, पुढे टांगलेली जॅकेटं, आत स्टुलावर बसून जपमाळ ओढणारी एखादी आजी. माल बहुतेक लुधियानाचा असतो, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. तरी आपल्याला आपलं वाटत राहतं, की कुठेतरी बर्फात बसून कुणीतरी हे विणलं असणार. गेल्या हिवाळ्यात मी असाच एका दुकानात मफलरचा भाव करत होतो. बोलता बोलता दुकानातल्या बाईंनी विचारलं, "भाऊ, गाव कोणतं?" अर्जुनी मोरगावकडचा, म्हटलं. त्यांनी मफलर खाली ठेवला. "मंग आपल्याकडलेच की तुम्ही! धान निघाले काय तुमचे?"

पुढची पंधरा मिनिटं मफलरचा विषय निघालाच नाही. त्यांचं हलकं धान दिवाळीआधी निघालं होतं, भारी धान अजून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, उभं होतं. कापून पसरलेल्या कडपा अवकाळी पावसात भिजल्या, उलथवायला मजूर मिळेना, मग नवऱ्याने आणि दिराने मिळून उलथवल्या. तुडतुडा या किडीने एक बांधी पार जाळून टाकली. पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, रचून झाले की नवराही नागपूरला येणार, तोवर दुकान त्यांच्यावर. हे सगळं अगदी आमच्या झाडीपट्टीच्या हेलात. मी लहानपणापासून या लोकांना स्वेटरवाले म्हणूनच ओळखत आलो. स्वेटर हा त्यांचा जोडधंदा आहे आणि मूळ धंदा माझ्या बापाचा होता तोच, हे एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

त्या गोठणगावच्या. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका, इटियाडोह धरणाच्या जवळ. कागदोपत्री वसाहतीचं नाव नॉर्ग्येलिंग, आमच्या तोंडी नुसतं 'तिबेटी कॅम्प'. १९७२ साली ही वसाहत झाली तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी 'कॅम्प' हा शब्द काही सुटत नाही. कॅम्प म्हणजे उद्या उठणारी वस्ती. माझं सगळं म्हणणं या एका शब्दाभोवतीच आहे.

थोडं मागे जाऊ. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, चीनने तो चिरडला, दलाई लामा ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून सुमारे ऐंशी हजार माणसं आली. आसामातल्या मिसामारीच्या छावणीत बांबूच्या झोपड्या, दमट उन्हाळा आणि आजार. थंड, कोरड्या पठारावरच्या माणसांना तो उन्हाळाच बाधला. मग हिमालयात रस्ते फोडायच्या कामावर टोळ्या गेल्या. नवराबायको दोघंही खडी फोडताहेत आणि मूल दगडांच्या आडोशाला झोपलंय, असं ते आयुष्य. त्यातून बाहेर काढायचं तर जमीन हवी. म्हैसूर सरकारने १९६० साली बैलकुप्प्याला सुमारे ३,००० एकर जंगल दिलं. पुढे आजच्या छत्तीसगडातलं मैनपाट, ओडिशातलं चंद्रगिरी, कर्नाटकातलं मुंडगोड, आणि आपलं गोठणगाव.

आलेल्यांत कुणी याक पाळणारे होते, कुणी व्यापारी, कुणी भिक्षू, आणि पुष्कळसे सातू पिकवणारे शेतकरी. (आपण ज्याला सातूचं पीठ म्हणतो त्यात बहुतेक घरी गहू आणि डाळंच असतं. त्यांच्या त्साम्पात खरोखरचा सातू असतो, भाजून दळलेला आणि लोणी घातलेल्या चहात कालवलेला.) सातूचा शेतकरी म्हणजे कोरड्या, थंड हवेतला, वर्षाला एका पिकाचा. त्याला आणून ठेवलं कुठे, तर जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि जुलैत पोटरीभर चिखलात दिवसभर वाकून उभं राहावं लागतं.

त्या बाईंच्या ओळखीने मी नंतर कॅम्पात जाऊन आलो. त्यांचे सासरे पंचाहत्तरीच्या पुढचे आहेत. पहिल्या वर्षी रोवणीला शेजारच्या गावांतल्या बायका मजुरीला आणल्या होत्या, त्यांचं बघूनच हे लोक शिकले. यांनी पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, मनगटापर्यंत खोल रोवले. बायकांनी हसून हसून जीव घेतला आणि सगळी ओळ उपटून पुन्हा लावायला सांगितली. धानाचा पऱ्हा उथळ लावायचा, दोन बोटांत धरून टोचल्यासारखा, खोल गेला की फुटवे येत नाहीत. म्हातारबुवांनी हे मला अंगणातल्या ओल्या मातीत करून दाखवलं. बोटं अशी चालली की माझ्या आजीची आठवण झाली. फवारणीच्या आधी ते काहीतरी पुटपुटतात, असं सून सांगत होती. बौद्ध माणसाला बांधीतला तुडतुडा मारणंही जिवावर येतं. पण बांधी जळू देणं त्याहून जिवावर येतं, म्हणून मारतात, आणि पुटपुटतात.

हा माणूस शेतकरी आहे की नाही? कायद्याला विचारलं तर तो नाही म्हणेल.

महाराष्ट्रात शेतकरी ही मोठी गमतीदार जात आहे. आपल्याकडे शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ तेच सांगतं, आणि विदर्भासाठी १९५८ साली वेगळा कायदा झाला त्यातही तीच आडकाठी आहे. म्हणजे पुण्यात वकिली करणारा, आयुष्यात कधी चिखलात पाय न घातलेला माणूस आजोबांच्या सातबाऱ्यावर शेतकरी ठरतो. आणि पन्नास वर्षं रोवणी करणारा ठरत नाही, कारण त्याच्या पायाखालची जमीन सरकारची आहे आणि तो स्वतः कायद्याच्या लेखी परदेशी आहे. परदेशी माणसाला या देशात शेतजमीन विकत घेता येत नाही, तो नियम वेगळाच. नियमामागची भीती मला समजते. शेतजमीन धनदांडग्यांच्या आणि परक्या पैशाच्या हाती जाऊ नये, म्हणूनच तो केला. पण गोठणगावचा म्हातारा तीन-चार एकरांच्या पुढे कधी गेलाच नाही, आणि जाणारही नाही.

मला ज्या विसंगतीचा राग येतो ती पुढची आहे. 'कसेल त्याची जमीन' ही या राज्याची अभिमानाची गोष्ट. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कायद्याने कुळाला मालक मानलं. जमीनदाराच्या हक्कापेक्षा कसणाऱ्याचा हक्क मोठा, असं आपण छातीठोकपणे सांगितलं. पण त्याच कायद्यातलं कलम ८८ काढून बघा. सरकारच्या मालकीच्या किंवा सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीला ही कलमं लागू नाहीत. थोडक्यात, खाजगी जमीनदाराला जे सक्तीने सोडायला लावलं ते सरकार नावाच्या जमीनदाराने स्वतःकडे ठेवून घेतलं. तेव्हा त्याला कारणं असतील. कुरणं, वनं, सार्वजनिक कामांच्या जागा, या कुणीही कसून घेऊ नयेत हे रास्तच आहे. पण सरकारने स्वतः बोलावून, मोजून, आखून दिलेल्या शेतावर तिसरी पिढी राबत असताना त्याच कलमाच्या आड बसणं रास्त नाही.

आणि निर्वासिताला जमीन देणं या देशाला जमतच नाही, असंही नव्हे. फाळणीनंतरचा पंजाब आठवा. पश्चिम पंजाबात हिंदू-शीख शेतकरी सुमारे ६७ लाख एकर सोडून आले, आणि इकडे मुसलमानांनी सोडलेली जमीन भरली सुमारे ४७ लाख एकर. वीस लाखांची तूट. तरलोक सिंग नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याने त्यातून जी वाट काढली ती मला आजही कुठल्याही नियोजन आराखड्यापेक्षा थोर वाटते. लायलपूरचा कालव्याखालचा एकर आणि हिस्सारचा वाळूचा एकर सारखा कसा धरायचा? म्हणून त्यांनी 'प्रमाण एकर' ठरवला, दहा-अकरा मण धान्य देईल एवढी जमीन, मग ती कागदावर एक एकर भरो की चार. आणि तूट वाटून घेतली ती चढत्या कपातीने. लहान धारकाची पाव जमीन कापली, आणि कपात वाढत वाढत ५०० एकरांवरच्या भागाला ९५ टक्क्यांपर्यंत गेली. गावंच्या गावं शक्यतो एकत्र वसवली. १९४९ संपायच्या आत सुमारे अडीच लाख वाटप झाली होती. पुढे १९५४ च्या कायद्याने त्या जमिनींची मालकी दिली. हरितक्रांती म्हणून ज्याचे गोडवे गातो, त्यातले किती हात निर्वासितांचे होते बघा. त्यांनी विहिरी खोदल्या, ट्रॅक्टर घेतले, कर्ज काढलं, कारण जमीन त्यांची होती आणि ती उद्या कुणी काढून घेणार नव्हतं.

पण तो न्याय सगळ्यांना सारखा मिळाला नाही. फाळणीतच पश्चिम पाकिस्तानातून जम्मूत आलेल्या ५,७६४ कुटुंबांना सत्तर वर्षांहून जास्त काळ राज्याचे कायम रहिवासी मानलं नाही. लोकसभेला मतदान करायचं, विधानसभेला नाही. कसत असलेली जमीन नावावर नाही. कलम ३७० आणि ३५अ २०१९ साली गेलं आणि मालकी हक्काचा निर्णय व्हायला २०२४ उजाडलं. तोवर आलेली पिढी बहुतेक वर गेली होती. पूर्व पाकिस्तानातून आलेल्यांचं तर विचारूच नका. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प उभा राहिला. नदीकाठच्या, भात आणि माशावर वाढलेल्या, बहुतेक नामशूद्र असलेल्या माणसांना रायपूरजवळच्या माना छावणीतून कोरापूट-बस्तरच्या जंगलात नेऊन वसवलं. जमीन दिली, पाणी दिलं नाही. हजारो लोक १९७८ मध्ये ती टाकून सुंदरबनातल्या मरीचझांपीला गेले, आणि १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने पोलीस घालून त्यांना तिथूनही हुसकलं.

त्याच लोंढ्यातले काही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत आहेत. चंद्रपूर शहरातला 'बंगाली कॅम्प' चौक सगळ्यांना माहीत असतो. हाही कॅम्पच! मुलचेरा, चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावंच्या गावं आहेत, दारापुढे पोखर, म्हणजे माशांचं तळं, मागे वाडीत भाजी, पुढे धान. हे भारताचे नागरिक झाले, मतदार झाले. पण निर्वासित म्हणून मिळालेली जमीन अशा वेळी सहसा भोगवटादार वर्ग-२ मध्ये बसते. ती विकायला, गहाण टाकायला, कधी वाटणी करायलाही सरकारी परवानगी लागते. नामशूद्र ही जात पश्चिम बंगालात अनुसूचित, महाराष्ट्राच्या यादीत नाही. वनहक्क कायद्यात जावं तर तिथे बिगरआदिवासी रहिवाशाला १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे असल्याचा पुरावा द्यावा लागतो. १९६४ नंतर आलेला माणूस हा पुरावा आणणार कुठून?

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो झटकून टाकण्यासारखा नाही. गडचिरोलीतली ती जमीन रिकामी होती का? सरकारी नकाशावर होती. माडिया-गोंडांच्या लेखी तिथे त्यांची मोहाची झाडं होती, गुरांची वाट होती, शिकारीचं रान होतं. ज्यांना स्वतःच्या जंगलावर हक्क मागायला २००६ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं, मेंढा लेखासारख्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला तेव्हा कुठे ज्यांच्याकडे अख्ख्या देशाचं लक्ष गेलं, त्यांच्या ताटातलं उचलून सरकारने दुसऱ्या भुकेल्याला वाढलं होतं. वाढणारा मोठ्या मनाचा ठरला. दोन गरीब मात्र एकमेकांकडे संशयाने बघत राहिले. म्हणून निर्वासिताला हक्क द्या म्हणताना 'कुणाच्या जमिनीवर' हा प्रश्न आधी सोडवावा लागेल, आणि तो ग्रामसभेत बसून सोडवावा लागेल. पण हा प्रश्न अर्धवट राहिल्याची शिक्षा कसणाऱ्याला अनिश्चिततेत ठेवून द्यायची, हे मला पटत नाही. त्याने आदिवासीला त्याची जमीन परत मिळत नाही. मिळतो तो फक्त तलाठ्याच्या दारात उभा राहणारा आणखी एक माणूस.

पुन्हा गोठणगावला येतो. जमीन सरकारी आणि वापर तिबेट्यांचा, हीच देशभरच्या तिबेटी वसाहतींची रीत. केंद्राने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. राज्यांनी वसाहतीच्या जमिनीचा वीस वर्षांचा भाडेपट्टा करून द्यावा, रोजगार हमी, रेशन यांसारख्या योजना त्यांना लागू कराव्यात, असं त्यात आहे. आधी देशभर एकसारखं धोरण नव्हतं, त्या मानाने हे चांगलंच. पण वीस वर्षं म्हणजे शेतकऱ्याच्या हिशोबात किती? आमच्या भागात बांधावर सागवान लावतात, ते लेकाच्या लग्नालाही तयार होत नाही, नातवाच्या होतं. भाडेपट्ट्यावर कोण सागवान लावेल? म्हातारबुवांच्या वडिलांनी दारात आंबा लावू दिला नव्हता. पाच वर्षांत परत जायचं, आंबे खाणार कोण? आता दारात आंबा आहे, म्हातारबुवांनी स्वतः लावलेला, पण तोही त्यांच्या नावावर नाही.

कुटुंबाला जमीन मिळते तेव्हा ती त्या दिवशीच्या माणसांना मिळते. बैलकुप्प्यात पाच माणसांच्या घराला पाच एकर, असा साधारण हिशोब होता. नंतर जन्मलेल्यांना काही नाही. आपल्याकडेही वाटण्या होऊन तुकडे पडतात, पण आपल्याला विकता येतात, भावाचा हिस्सा घेता येतो. इथे तेही नाही. म्हणून पोरं बंगळूरला, दिल्लीला, जमलं तर परदेशात जातात, आणि मग वरचे साहेब म्हणतात, 'यांना शेतीत रस नाही.'

बँकेचं एक उदाहरण सांगतो. पीककर्जाला सातबारा लागतो. जमीन गहाण टाकता येत नसेल तर बँक हात वर करते. पण लुधियानाचा होजिअरी व्यापारी याच माणसांना लाखोंचा माल उधारीवर देतो, हंगाम संपल्यावर पैसे घेतो, नुसत्या शब्दावर, आणि हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. म्हणजे पतपुरवठ्याच्या दृष्टीने हा माणूस सोन्यासारखा आहे. त्याची पत स्वेटर विकताना आहे आणि धान पिकवताना नाही, असं कसं? मला वाटतं तिबेटी स्वेटरवाला हा प्रकार जन्मालाच या फटीतून आला. धान कापून झालं की हातात चार महिने मोकळे, शेतीला भांडवल मिळायची सोय नाही, आणि पंजाबातला एक व्यापारी विश्वास टाकायला तयार. शेतीला पुरं पडत नाही म्हणून जोडधंदा आणि जोडधंद्याच्या पैशातून पुढच्या रोवणीची मजुरी. आमच्या भागातले निम्मे लहान शेतकरी असंच जगतात, कुणी रायपूर-हैदराबादला बांधकामावर जातो, एवढाच फरक.

आता हमखास येणारा सवाल: नागरिकत्व का घेत नाहीत? एक तर पुष्कळांना ते घ्यायचंच नाही. 'परत जायचंय' हे त्यांच्या राजकारणाचं मूळ आहे. भारतीय झालो तर तिबेटचा दावा कोण सांगणार, असं जुन्या पिढीला मनापासून वाटतं. त्यात मला वेडेपणा दिसत नाही. दुसरं म्हणजे ज्यांना घ्यायचं आहे त्यांच्यासाठी काय वाढून ठेवलंय बघा. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक, असं नागरिकत्व कायदा सांगतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये तिबेट्यांच्या बाबतीत तसा निकाल दिला. मग २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अटी आल्या. निर्वासित म्हणून असलेलं नोंदणीपत्र परत करा, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा, आणि तिबेटी वसाहतीत राहू नका. शेवटची अट पुन्हा वाचा. कागद हवा तर शेत सोडा, शेत हवं तर कागद सोडा.

सुरक्षेचं कारण पुढे केलं जातं. चीन, सीमा, परदेशी नागरिक, सगळं बरोबर. पण गोठणगाव सीमेवर नाही, आणि इथल्या प्रत्येक माणसाची पोलिसांकडे नोंद आहे. माझ्या गावात कोण कुठून आलं याची तेवढी नोंद कुणाकडे नसेल.

मग करायचं काय? मालकी द्या, असं मी म्हणत नाही. मागितली तरी मिळणार नाही, आणि मिळाली तर जमिनीचे दलाल सर्वांत आधी कॅम्पात पोचतील. माझी मागणी लहान आहे. आपला सातबारा हे दोन नमुन्यांचं लग्न आहे. नमुना सात म्हणजे मालकी आणि हक्क कुणाचे ते. नमुना बारा म्हणजे त्या वर्षी काय पिकलं ते. सात सरकारच्याच नावावर राहू द्या. पण बारावर कसणाऱ्याचं नाव लिहा, दरवर्षी लिहा, मरेपर्यंत आणि मेल्यावर त्याच्या मुलामुलींचं लिहा. आणि पीककर्ज, पीकविमा, आधारभूत केंद्रावरची धानखरेदी, बोनस, नुकसानभरपाई ही सगळी त्या बारावर द्या. विकायचा हक्क नको, काढून घ्यायचीही सोय नको. वारसाने चालणारा, विकता न येणारा, कसण्याचा हक्क. तिबेट्यांना परत जायचंच असेल तर जाताना तो आपोआप सरकारकडे येईल. त्यांच्या राजकारणाला धक्का नाही, आपल्या कायद्यालाही नाही.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली चमत्कारिक कल्पना नव्हे. आंध्र प्रदेशाने २०११ मध्ये आणि मग २०१९ मध्ये कायदा करून दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना कार्ड द्यायला सुरुवात केली, २०१९ च्या कायद्यात ती अकरा महिन्यांची. निती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा मांडला. दोन्हींची गाडी एकाच खड्ड्यात अडकते, ती म्हणजे मालकाची भीती. कुळाचं नाव कागदावर चढलं की उद्या तो जमीन मागेल. कूळ कायद्याचा धसका आमच्याकडे इतका, की भावाला ठेक्याने दिली तरी लेखी कुणी देत नाही. पण निर्वासितांच्या बाबतीत मालक सरकार आहे! संमती द्यायची ती त्यानेच, नोंद करायची ती त्याच्याच तलाठ्याने. ई-पीक पाहणीचं ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून चालू आहे, शेतकरी बांधावर उभा राहून फोटो काढतो. गोठणगावच्या बांधीत उभं राहिलं तरी फोटो येतोच.

आणि एकदा का हे निर्वासितांसाठी केलं की बाकीचे विचारतीलच, हे मला माहीत आहे. विचारावंच. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये जमीन नावावर असलेल्याला मिळतात. ठेक्याने कसणाऱ्याला नाही. आमच्याच गावात शिक्षक-मालकाच्या खात्यात वर्षानुवर्षं हप्ता पडत होता आणि बांधीत राबणारा, अधियाने म्हणजे अर्ध्या वाट्याने कसणारा कोरडा. कोयनेच्या पाण्याखाली गाव गेलेल्यांच्या नातवंडांना विचारा, सरकारी जमीन 'दिली' आणि 'नावावर केली' यात किती दशकं बसतात ते. निर्वासित दुसऱ्या देशातून आलेला असतो म्हणून त्याची अडचण चटकन दिसते. धरणग्रस्ताची आणि ठेक्याने कसणाऱ्याची तीच अडचण आपल्या इतक्या अंगवळणी पडलीय की दिसत नाही. म्हणून मला या प्रश्नाची सुरुवात तिबेट्यांपासून व्हावीशी वाटते. मागणारे थोडे, जमीन मोजलेली, मालक एक, वाद कमी. गडचिरोलीत वाद आहे, तिथे वेळ लागेल.

एक प्रामाणिक शंका उरते. एवढं केलं तरी पोरं शेतीत थांबतील का? बहुधा नाही. माझी थांबली नाहीत. त्या बाईंचा मुलगाही थांबणार नाही, असं त्यांनीच सांगितलं. पण न थांबण्याची मोकळीक वेगळी आणि थांबायची सोयच नसणं वेगळं. माझ्या मुलाने शेती सोडली तेव्हा सातबारा कपाटात होता.

फेब्रुवारी लागला तेव्हा दुकानं निघायच्या बेतात होती. उरलेला माल गोणीत भरणं चालू होतं, नवराही आलेला. मफलर शेवटी घेतला, भाव न करता. गोणीचं तोंड शिवता शिवता बाईंनी विचारलं, "भाऊ, तुमचा कोणी ओळखीचा आहे काय इरिगेशनमध्ये? उन्हाळी धानाला इटियाडोहचं पाणी यंदा सोडणार की नाही, ते विचारून सांगा. पऱ्हे टाकायचे की नाही, काही समजून नाही राहिलं."